दारात जंगम आला तेव्हा

लातूर, सोमवार

प्रिय मंजू,

नागपंचमीला वाट पाहिली, गौरीलाही पाहिली. तू आली नाहीस. शाळेत कामं असतील, असं मी शेजारच्या शिवकांताला सांगते आणि ती मान हलवते. ती काही खुळी नाही. मी रागावलेली नाही. तुझ्यावाचून करमत नाही, म्हणून लिहायला बसले.

वरच्या खोल्या यंदाही क्लासच्या पोरींनी भरल्यात, सगळ्या डॉक्टर होणाऱ्या. हदगावची मनस्विनी सकाळी जिन्यात बसून हाडांची नावं घोकते आणि मी खाली भाकरी थापत ऐकते. अर्धी मलाही पाठ झालीत. आता मलाच परीक्षेला बसवा म्हटलं, तर पोरी हसून लोळल्या.

मागच्या महिन्यात एक प्रकार झाला, तो तुला सांगायचा आहे. व्हिडिओचा फोन आला. समोर खाकी वर्दी, मागे झेंडा, बोलणं सगळं हिंदीतून. माझ्या नावाच्या पार्सलात गांजा सापडलाय, मला फोनवरच अटक झालीय, समोरून हलायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. बँकेतले पैसे तपासणीसाठी तो सांगेल त्या खात्यात टाकायचे, नाहीतर घराला सील. हे घर, मंजू! भूकंपात गाव गेलं तेव्हा तू कडेवर होतीस. तुझ्या अप्पांनी इथे येऊन एकेक वीट जोडून ते उभं केलं. त्याचा शब्द न् शब्द मला खरा वाटला. डोक्यावर पदर घेऊन बसले, आणि वर त्या मेल्याला चहा घेणार का म्हणून विचारलं. साहेबमाणूस घरी आला की आपण विचारतोच ना.

तेवढ्यात दारात घंटा वाजली. दर सोमवारी भिक्षेला येणारे आपले जंगम, संगय्या स्वामी. मी म्हटलं, "सायेब, दारात जंगम आलाय, रिकामा न्हाई धाडता येत." त्याने नाही नाही ते सुनावलं, उठलीस तर लगेच गाडी येईल म्हणाला. पण जंगमाला परत पाठवायची भीती पोलिसाच्या भीतीपेक्षा मोठी निघाली. मी उठले.

सुपातलं पीठ झोळीत पडेना, उंबऱ्यावर सांडायला लागलं. स्वामींनी विचारलं, अव्वा, आज लक्ष कुठे आहे? कुणाला सांगायचं नाही अशी ताकीद होती, पण स्वामींशी खोटं कसं बोलू? सांगायला लागले, आणि सांगता सांगता माझं मलाच ते पटेना. मी कधी कुणाला पार्सल पाठवलं? अटक करायला आलेला माणूस फोनात कशाला बसून राहील? मी आत जाऊन फोन बंद केला. मनस्विनीला खाली बोलावलं. तिने १९३० हा ऑनलाइन फसवणुकीचा सरकारी नंबर लावून तक्रार नोंदवली. आता नवी पोरगी राहायला आली, की नळाच्या पाण्याची वेळ सांगायच्या आधी मी तिला हे सांगते. घाबरवणारा फोन आला, लिंक आली, कुणी ओटीपी मागितला, तर आधी फोन ठेवायचा आणि कुणाला तरी मोठ्याने सांगायचं. पोरी माझी नक्कल करतात, पण ऐकतात.

परवा जावई, रविकिरण, येऊन गेले. त्यांनी मला सगळं सांगितलं, त्यांच्यावर चिडू नकोस. तुलाही असाच फोन आला, साठवलेलं सगळं गेलं, आणि तेव्हापासून फोन वाजला की तू दुसऱ्या खोलीत जातेस. माझाही उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. दुसऱ्यांच्या लेकरांना शिकवणारी बाई फसली, आता अव्वाला तोंड कसं दाखवू, असं तू म्हणालीस म्हणे. मंजू, फसले तर मीही होते. माझ्या दारात ऐनवेळी जंगम आला आणि तुझ्या दारात त्या दुपारी कुणीच आलं नाही, आपल्या दोघींत एवढाच फरक. पैशाचं आपण बघू, तू अजून तरणी आहेस, हात-पाय धड आहेत. शुक्रवारच्या एसटीने मी नांदेडला येते. बेल वाजली की दचकू नकोस, दारात मी असेन.

तुझीच,
अव्वा