होडीसाठी मोटार

१२ ऑक्टोबर १९५८, रविवार. सकाळी ७.

सात महिने ही वही उघडली नाही, याबद्दल दिलगीर आहे. कोणाजवळ, ते कळत नाही. लिहिण्यासारखे काही घडत नव्हते असे कारण देणार होतो, पण तपासून पाहिले तर ते खरे नाही. काही घडत नव्हते तेव्हाच लिहायला भरपूर वेळ होता.

काल होडी आली. मोरा बंदरातल्या एका लाँचवाल्याने विकायला काढली होती. सागवानी, अकरा फुटी, दोन वल्ही. पडावातून पनवेल बंदरापर्यंत आणि तिथून बळीरामच्या बैलगाडीवरून माझ्या परसात. मी मॅनेजर आहे त्या भातगिरणीत बळीराम भात आणतो. होडी उतरवल्यावर त्याने विचारले, आता हिला न्यायची कुठं? मी म्हटले, मोऱ्याला.

"मोऱ्यासनं तं आली ना ती!"

त्याला समजावून सांगितले नाही. इथे लिहितो. माझी मुलगी मालू सहा वर्षांची असताना आम्ही तिघे मोऱ्याहून लाँचने मुंबईस गेलो होतो. पाण्यात हात घालून ती म्हणाली, आपली एक होडी असती तर! मी म्हटले, घेऊ. (नेमके शब्द हेच होते का? साधारण हेच.) पत्नी हसून म्हणाली, आधी मोरीचा नळ दुरुस्त करा. तिला जाऊन पाच वर्षे झाली. तेव्हापासून मालू दादरला मावशीकडे आहे, आता कॉलेजात. मे महिन्यात ती येईल, तेव्हा तिला मोऱ्याच्या पाण्यात होडीतून फिरवायचे. होडी मोटारीमागे बांधून न्यायची. मोटार मी चालवायची, मालू शेजारी. एका इंग्रजी मासिकात असे चित्र पाहिले. कापून या पानात ठेवले आहे. चित्रातल्या मुलीने डोक्याला रुमाल बांधला आहे.

आता फक्त मोटार पाहायची. जुनी, बेताच्या किमतीची, पण ओढणारी.

संकल्प : दिवाळीपर्यंत मोटार.

१९ ऑक्टोबर, रविवार.

शास्त्रशुद्ध पद्धतीने जायचे ठरवले. बी.एस्सी. झालो ते काय उगाच! प्रथम होडीचे वजन. गिरणीच्या काट्यावर होडी मावत नाही. एक टोक काट्यावर, दुसरे बळीरामच्या खांद्यावर, मग उलट, मग बेरीज. बळीरामने मध्येच खांदा बदलला. बेरीज रद्द.

वजन अंदाजे चार मण धरले.

मोटार चालवायला शिकणे : हे शेवटी. आधी मोटार.

२ नोव्हेंबर, रविवार.

पहिली गाडी पाहिली. डॉक्टरांची बेबी मोटार. विचारून फेरी मारली. म्हणजे डॉक्टरांनी मारली, मी शेजारी बसलो. मागच्या सीटवर तांदळाची दोन पोती ठेवायला लावली, होडीच्या वजनाच्या अंदाजाने. कर्नाळ्याच्या चढावर गाडी थांबली. डॉक्टर उतरले, मी उतरलो, पोती उतरवली.

परत येताना मी प्रामाणिकपणे त्यांना गाडीचे सर्व दोष सांगितले. एकूण अकरा. त्यांनी सर्व अकरा ऐकून घेतले. मग म्हणाले, "भाऊसाहेब, पण मी ही विकायला काढलीये असं तुम्हांला कोणी सांगितलं?"

आठवून पाहिले. कोणीच नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार.

दिवाळी झाली. मालू आली नाही. मावसभावांची भाऊबीज असते, ते बरोबरच आहे. मी एकट्यापुरती चकली तळवून घेतली असती तर पुरली असती. जास्त झाली. भामाबाई (स्वयंपाकाच्या) म्हणाल्या, गिरणीत वाटा. वाटल्या.

मालूला लिहिलेल्या पत्रात होडीबद्दल अक्षर नाही. मे महिन्यात अचानक दाखवायची. मोटारीबद्दल मात्र मोघम विचारले : तुला बंद गाडी आवडते की उघडी?

होडीवर गिरणीतली जुनी ताडपत्री घातली. आत पाण्याचा थेंब जाता कामा नये.

७ डिसेंबर, रविवार. दुपार.

आज हौसावर ओरडलो. हौसा कोळीण रविवारी मागच्या दारी मासळी घेऊन येते. पाटीतले बोंबील संपल्यावर तिने ताडपत्री वर केली आणि मासळी धुतलेले सगळे पाणी होडीत ओतले. माझ्या डोळ्यांदेखत. म्हणाली, "मॅनेजर, पानी पाजा तिला. होडी सुकली का गेली."

मी म्हटले, बाई, लाकूड पाण्याने कुजते. हे साधे शास्त्र आहे.

"मंग आमच्या होड्या काय आमी उन्हात वाळवतो पापडासारख्या?"

तिला ताकीद दिली. जुन्या धोतराने होडी आतून कोरडी केली, दोनदा. मासळीचा वास जात नाही. ती गेल्यावर वाटले, आवाज चढवायला नको होता. आठवड्यातून घरी येऊन माझ्याशी बोलणारी अनेक माणसे आहेत असे नाही. (आधी 'कोणीच नाही' लिहिणार होतो. दोन आहेत : हौसा आणि भामाबाई.)

२५ डिसेंबर, गुरुवार.

कोन गावी तुळशीराम नावाच्या वीटभट्टीवाल्याकडे लढाईतली जीप आहे. आज सायकलने जाऊन पाहिली. सर्वोत्तम! मागे ओढायची कडी आधीच बसवलेली आहे. चार मण म्हणजे तिला काहीच नाही. तुळशीराम म्हणाला, "साहेब, हिनं तोफा वढल्यात. तुमची होडी तं हिला लेकरू."

दोष एकच : दारे नाहीत, छप्पर नाही. मालूचे केस उडतील. धूळ जाईल. तिने लाल रुमाल बांधला तरी.

मालूच्या उत्तराची वाट पाहावी. नाताळच्या सुटीतही ती तिकडेच आहे, अभ्यास असतो. तुळशीरामला सांगितले, आठ दिवसांत कळवतो.

११ जानेवारी १९५९, रविवार.

मालूचे पत्र आले. गाडीबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर नाही. मावशीच्या दाढेबद्दल दीड पान आहे. शेवटी एक ओळ : तुम्ही पत्रात काय विचारता ते मला कळतच नाही, बाबा.

दोष माझाच. प्रश्न संदर्भाशिवाय विचारला. पुन्हा लिहिले, सविस्तर, पण होडी लपवून. सहा पाने झाली. पोस्टात टाकली नाहीत. ज्या गोष्टीचे कारण सांगायचे नाही तिच्याबद्दल सहा पाने लिहिणे हे एक प्रकारे खोटे बोलणेच आहे.

१ फेब्रुवारी, रविवार.

निर्णय. जीपच घ्यायची. केस उडाले तर उडू देत.

कोनला गेलो. जीप मागच्या सोमवारीच गेली. कर्जतच्या कोणी कोंबड्यांसाठी नेली. तुळशीराम म्हणाला, "साहेब, तुमचे आठ दिवस लई लांबले!"

कोंबड्यांना छप्पर लागत नाही काय? हे वाक्य रागाने लिहिले. खोडत नाही, पण त्याबद्दल खेद आहे.

परत येताना हवा गेली. सायकल हातात धरून तीन मैल चाललो. रस्त्याने विटांच्या बैलगाड्या जात होत्या. एका गाडीवाल्याने विचारले, चढवू का वर? सायकलसुद्धा? नको म्हटले. का नको म्हटले, ते चालताना विचार करूनही सापडले नाही.

८ मार्च, रविवार.

राहिली फक्त काशीरामची टॅक्सी. मोठी अमेरिकन, आठ सिलिंडरची, पेणपर्यंत भाडे मारते. निम्म्या तालुक्याची वऱ्हाडे तिच्यातून गेली आहेत. काशीराम म्हणतो, "ओढायचं सोडा, ही गावच हलवील. पण तिला पाजावं लागतं, भाऊसाहेब. माझ्यापेक्षा जास्त पिते."

पेट्रोल परवडणार नाही. पण पाठीची सीट मऊ आहे. दारे चार.

होडीकडे बघायला गेलो. छान कोरडी आहे. फळ्यांच्या मध्ये बारीक रेषा दिसतात, उन्हात चकाकतात. लाकडाची नक्षी असावी.

गिरणीचे मालक दिनानाथशेठ म्हणाले, मॅनेजर, होडी न्यायची तर आपल्या गिरणीकडे रोज चाळीस बैलगाड्या येतात. मी हसलो. समजावण्यात अर्थ नव्हता. तो मासिकातला फोटो त्यांना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारले, "हे कुठलं गाव?"

१२ एप्रिल, रविवार.

मालूचे पत्र! येत्या १० मेला ती येते, मावशीबरोबर. "महत्त्वाचे बोलायचे आहे." मला काही अंदाज नाही. असला तरी इथे लिहीत नाही.

काशीरामला होकार कळवला. जगन लोहाराकडे होडीसाठी दोन चाकांची गाडी करायला टाकली. मोटारीला कडीही तोच बसवील. आधी एक खेप करून पाहायची, मग व्यवहार पक्का. काशीरामने विचारले, चालवणार कोण? मी म्हटले, पहिल्या खेपेला तू.

माझे शिकणे : मे महिन्याचा पहिला आठवडा.

३ मे, रविवार. संध्याकाळी ५.

चाचणी.

जगनने कडी पाठीमागच्या बंपरला बसवली होती. मी विचारले, मजबूत आहे ना? जगन म्हणाला, "कडी माझी हाय. कडीची ग्यारंटी." होडी दोरखंडाने बांधली. शेजारपाजारचे लोक जमले. मालूसाठी पुढची सीट पुसून घेतली. मी होडीजवळ उभा राहिलो, कारण कुणीतरी बघायला हवे होते.

काशीरामने गाडी सुरू केली. मोटार निघाली. होडी निघाली नाही. बंपर होडीबरोबर राहिला.

काशीरामच्या लक्षात आले नाही. टपाल नाक्यापर्यंत तो तसाच गेला. तिथे एकाने विचारले, "होडी कुठाय?" म्हणून तो मागे वळला. जगन बंपर हातात घेऊन कडी ओढून पाहत होता. अगदी घट्ट. त्याची ग्यारंटी खरी ठरली, हे मान्य करायला हवे.

काशीरामला बंपर नवा बसवून देणार आहे. व्यवहार मोडला. तो रागावला नाही. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, भाऊसाहेब, पोरीला लाँचनंच न्या ना.

१० मेला सात दिवस. संकल्प : काहीही करून.

९ मे, शनिवार.

बळीरामला विचारले. त्याने कारण विचारले नाही. फक्त म्हणाला, मोऱ्याला कशाला, बंदर हितंच हाय, उद्या भरती दुपारी दोनला. आणि मग : "मॅनेजर, आक्टोबरातच इचारलं असतं तं एवढ्यात दहा येळा फिरवली असती."

गणिताने ते बरोबर आहे.

मोरा नाही, मोटार नाही. पण होडी आहे, पाणी आहे, मालू आहे. तीन गोष्टी पुरेशा आहेत.

१० मे, रविवार. रात्रीचे जेवण झाले नाही. ८.

क्रमाने लिहितो.

मालू साडेअकराच्या एस.टी.ने आली. मावशी सोबत. लग्न ठरले आहे. मुलगा नागपूरला रेल्वेत आहे. डिसेंबरात लग्न, मग ती तिकडेच. चांगला मुलगा आहे असे मावशी म्हणाली. मालूने माझ्याकडे पाहून विचारले, "बाबा, चालेल ना?" मी म्हटले, चालेल. ते खरे आहे. पुन्हा तपासून पाहिले, तरी खरेच आहे.

मग त्यांना बंदरावर नेले. बळीरामची बैलगाडी पुढे, तिच्यावर होडी. हौसा आणि तिचा नवरा गोमा आधीच येऊन उभे होते. गोमाने आणि बळीरामने होडी पाण्यात सोडली. मी वल्ही घेऊन आत उतरलो आणि मालूला हात दिला.

ती काठावरच थांबली. म्हणाली, "बाबा, ही कोणासाठी?"

तुझ्यासाठी, मी म्हटले. मोऱ्याला लाँचमध्ये तू म्हणाली होतीस, आपली होडी असती तर.

ती गोंधळली. मग हळू म्हणाली, "मी? मी तर लाँचमध्ये सारखी ओकत होते. तुमच्याच धोतरावर ओकले होते. होडीचं आई म्हणाली होती. पाण्यात हात आईने घातला होता."

मी आठवून पाहिले. धोतर आठवले. ते धुवायला पत्नीने काठावरून वाकून पाणी घेतले होते. हात तिचा होता. हिरव्या बांगड्या होत्या.

एवढ्यात माझे पाय भिजले. मला वाटले, हातातल्या वल्ह्याचे पाणी. पाणी घोट्याला आले, मग पोटरीला. होडी कुठे आपटली नाही, फुटली नाही. प्रत्येक दोन फळ्यांमधून पाणी शांतपणे आत येत होते, जणू होडी त्याचीच वाट पाहत होती. मी उभाच राहिलो आणि होडी माझ्यासकट खाली बसली. पाणी कमरेपर्यंत होते. मावशी किंचाळली. मालू हसली, मग तिने तोंडाला पदर लावला आणि ती हसत नव्हती.

गोमाने मला बाहेर घेतले. हौसा म्हणाली, "बोल्ले का नाय? सात मयने तहानलेली ठेवली तिला!"

मी तिला म्हटले, बाई, तुझे बरोबर होते, माझे चूक होते. डिसेंबरात ओरडलो त्याबद्दलही. ती म्हणाली, "जाव दे. कुजली नाय ती, आखडलीय. घरी नेऊन तोंडापोत पानी भरा. कमी झालं का परत भरा. आठ दिवसांत फळ्या फुगून जागच्या जागी बसतात." गोमा म्हणाला, हितं ठेवू नका, भरती-ओहोटीत चिखलात रुतंल. बळीरामने होडी पुन्हा गाडीवर घालून परसात आणून दिली.

मालू आणि मावशी पाचच्या एस.टी.ने गेल्या. खिडकीतून मालू म्हणाली, "बाबा, तरंगली की कळवा. नक्की." ती हे मनापासून म्हणाली की मला बरे वाटावे म्हणून, याचा विचार एस.टी. दिसेनाशी होईपर्यंत केला. दोन्ही असू शकते.

मोटारीचा विषय संपला. मासिकातले चित्र या पानातून काढणार होतो, पण त्या मुलीचा काही दोष नाही. (दिनानाथशेठ म्हणत होते, बेलपाड्याला एक जुनी स्टेशन-वॅगन आहे. नुसती पाहायला हरकत नाही. — नाही. विषय संपला.)

घर तसेच आहे. मोरीचा नळ गळतो आहे. आवाज इथपर्यंत येतो.

उद्या : होडीत पाणी भरणे.