गुंजरवाडीचा नकाशा जात नाही

३ एप्रिल, लातूर

पोचले एकदाची! भोकरहून सकाळची एसटी धरली, नांदेडला बदलली. अहमदपूरच्या पुढे खिडकीतनं येणारा वारा एवढा तापला की तोंडाला ओढणी बांधून बसले, पण मन मात्र गार होतं. पहिली नोकरी. आईने दिलेली जवसाची चटणी बॅगेत सांडली आणि सगळ्या कपड्यांना तिचा वास लागलाय. असू दे, घरचा वास आहे.

खोली औसा रोडच्या आतल्या गल्लीत, गुरुबसप्पा काकांच्या घराच्या वर. काका तुरीच्या डाळीचे व्यापारी. कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं मोजकं. त्यांच्या बायको गौरम्मा काकू उदगीरच्या पलीकडच्या, मराठी बोलता बोलता कानडीत शिरतात. मी जिना चढायच्या आत त्यांनी विचारलं, "ऊट आयता?" मी बघतच राहिले. मग हसून म्हणाल्या, जेवलीस का म्हणून विचारलं गं. आणि भाकरी, आंबाडीची भाजी, वर ताक. रात्री घरी फोन करून सगळं सांगितलं. आई म्हणाली, चांगली माणसं मिळाली.

५ एप्रिल

ऑफिस म्हणजे मोबाईलच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मालक रविकिरण सर, पुण्याची नोकरी सोडून गावी आलेले. त्यांनी 'सोंगटी' नावाचं ॲप बनवलंय. माणसं आपापल्या घरी बसून त्यावर गोष्टीचा खेळ खेळतात. एकजण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कोणी चोर, कोणी वैदू. पडद्यावर नकाशा असतो, त्यावर प्रत्येकाची सोंगटी. फासे टाकायचे आणि पुढे जायचं. सर म्हणाले, लहानपणी भातुकली खेळलीस ना, तेच आहे.

माझं काम तक्रारी सोडवायचं. निम्म्या तक्रारी एकाच प्रकारच्या असतात: सूत्रधार नकाशा पाठवतो, खेळाडूंना मिळत नाही.

८ एप्रिल

काम जमतंय. आज नागपूरच्या एकाचा किल्ला जात नव्हता. फाईल एवढी जड की तिच्यात खरा किल्ला मावला असता. ती हलकी करून दिली. एका बाईंनी फाईलच्या नावात कविताच लिहिली होती, ते नाव तोडलं. एकाने स्वतःच्याच भावाला परवानगी दिली नव्हती. नकाशा पोचला की खेळाडूच्या नावापुढे हिरवी खूण येते आणि त्याने ॲप उघडलं की नकाशा आपोआप समोर येतो. ती हिरवी खूण पाहिली की फार बरं वाटतं. सर म्हणाले, तुझा हात चांगला आहे.

१२ एप्रिल

आज एक वेगळी तक्रार आली. निलंग्याकडचे मल्लिनाथ सर, शाळेत शिकवतात. गुंजरवाडी हे त्यांचं मूळ गाव. त्र्याण्णवच्या भूकंपात ते पार बसलं. माणसांना पलीकडच्या माळावर नवीन गाव बांधून दिलं, एकासारखी एक घरं. सर तेव्हा तान्हे होते. वडील त्यात गेले.

आता ते त्यांच्या चुलत भावंडांसोबत सोंगटीवर खेळतात: हैदराबादची शिवानी, नांदेडचा वीरेश आणि पुण्याची आरती. त्यांचा खेळ असा की चौघं जुन्या गुंजरवाडीत फिरणार. कोणाचं घर कुठं, चावडी कुठं, विहिरीवर कोण भेटतं. सरांनी आईला, सरजाबाईंना, विचारून विचारून अख्ख्या गावाचा नकाशा काढलाय. मी पाहिला नाही, पण ते सांगत होते तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

नकाशा जात मात्र नाही. दरवेळी एकच सूचना येते, ही फाईल दुसरीकडे उघडी आहे. सरांनी सगळ्यांना विचारलं, कोणाकडेच उघडी नाही.

१५ एप्रिल

सगळं करून झालं. नाव बदललं, फाईल हलकी केली, नवीन प्रत करून घेतली, नवीन खेळ उघडून त्यात टाकली. प्रत नवीन, तरी तीच सूचना. मुख्य मशीनवर जाऊन पाहिलं तर नकाशा खरंच एका खात्यावर उघडा आहे. खात्याला ना फोन नंबर ना पत्ता. नुसतं नाव. मलप्पा.

रविकिरण सर म्हणाले, चाचणीचं जुनं खातं अडकलं असेल, काढून टाक. मी काढलं. चहा पिऊन येईपर्यंत परत आलं होतं. पुन्हा काढलं, पुन्हा आलं.

१६ एप्रिल

सुटलं! कायमचं काढायची एक आज्ञा असते, सर सहसा वापरू देत नाहीत. ती चालवली. मशीन बराच वेळ अडून राहिली, पंखा नुसता घरघरत होता, कोणी जोर लावून दार रेटावं तसा. मग एकदम शांत. मलप्पा गेला. शिवानी आणि वीरेशच्या नावापुढे हिरवी खूण. आरतीचं ॲप बंद आहे, ती उघडेल तेव्हा तिलाही जाईल.

मल्लिनाथ सरांना कळवलं, एक जुनं खातं अडकलं होतं, काढून टाकलं. त्यांनी इतके आभार मानले की मलाच लाजल्यासारखं झालं. रविकिरण सरांनी सगळ्यांना कुल्फी खिलवली.

१९ एप्रिल

मल्लिनाथ सरांचा फोन आला. शिवानी गेली. वय सव्वीस.

दुपारी कॉम्प्युटरपुढे बसलेली होती. श्वास कोंडून मेली म्हणे. नाकात, तोंडात, घशात माती. पांढरी माती, जुन्या घरांच्या सपाट छतावर, माळवदावर थापायचे ती. तिचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर. छताला साधी चीर नाही.

सरांनी हळूच विचारलं, तिने नकाशा उघडला होता का ते तुम्हाला दिसतं का. मी पाहिलं. उघडला होता. मी सांगितलं, हो.

त्यांनी फोन ठेवला.

२० एप्रिल

मी सकाळपासून वीरेशला फोन लावत होते. ॲप उघडू नका एवढंच सांगायचं होतं. दुपारी त्याने उचलला. तो म्हणाला, शिवानीताईने त्यात काय पाहिलं ते बघायचं होतं, म्हणून आत्ताच उघडलं. मी म्हटलं, बंद करा, आधी बंद करा.

"होऊन न्हाई राहिलं," तो म्हणाला. मग म्हणाला, "ताई, वरून माती पडून राहिली."

मी म्हटलं, घराबाहेर पळा.

"स्लॅबचं घर हाय हो. माती कुठून—"

मग आवाज आला. काहीतरी लई जड खाली बसल्याचा. त्यानंतर फोन चालूच होता. खूप वेळ चालू होता. मी कापू शकले नाही.

२१ एप्रिल

निलंग्याला गेले. न जाऊन चालणार नव्हतं.

नवीन गुंजरवाडी, माळावर. मल्लिनाथ सरांचे डोळे रडून रडून सुजलेले. सरजाबाई उंबऱ्याशी बसल्या होत्या. मी काय काय केलं ते पहिल्यापासून सांगितलं. खात्याचं नाव सांगितलं तेव्हा सरांनी आईकडे पाहिलं. सरजाबाईंनी मला परत नाव घ्यायला लावलं. मी घेतलं.

त्या म्हणाल्या, "माझा मालक त्यो."

मग त्यांनी सांगितलं. घर हललं तेव्हा त्या, मलप्पा आणि तान्हे सर, तिघंही आत होते. दारावरची तुळई निसटली. मलप्पांनी ती खांद्यावर घेतली आणि म्हणाले, लेकराला घेऊन निघ. त्या निघाल्या. अंगणात येऊन मागं बघितलं तर ते अजून उभे होते, तुळई धरून, आत आणखी कोणी राहिलंय का ते विचारत. मग माळवद खाली आलं.

सरजाबाई माझ्याकडे बघत होत्या. रागानं न्हाई. तसं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"अजून धरूनच व्हता की गं त्यो," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकरांसाठी. तू सोडवलंस व्हय त्याला?"

आमचं हे चालू असताना मल्लिनाथ सर कधी उठून आतल्या खोलीत गेले ते कळलंच नाही. नकाशा पुसून टाकायचा होता त्यांना. किंवा वडिलांना शोधायचं होतं. कॉम्प्युटर सुरू झाल्याचा आवाज आला. मी धावले. दार आतून दाबल्यासारखं, उघडेना. खालच्या फटीतून माती बाहेर येत होती.

गावातली माणसं आली. दार तोडलं.

सरजाबाई उठल्या नाहीत. त्या म्हणत होत्या, माझं घर दोनदा बसलं, दोनदा.

२३ एप्रिल

आता आरती उरली. तिच्या नावापुढे लिहिलंय: पाठवणे बाकी.

नकाशा पुसला जात नाही. आरतीचं खातं निघत नाही. रविकिरण सरांनी मुख्य मशीनची वायरच ओढून काढली, तरी माझ्या फोनवर तेच दिसतं, पाठवणे बाकी. सरांनी ऑफिसला कुलूप लावलं. ते म्हणाले, तू भोकरला जा, हे विसर. 

आरतीला फोन केला. तिच्या नवऱ्याने घेतला. मी नाव सांगितल्यावर म्हणाला, आमची तीन माणसं खाल्लीस, आता हिच्या मागं लागलीस काय. मी ओरडून सांगत होते, ॲप काढा, फक्त ॲप काढा. फोन ठेवला. आता माझा नंबरच लागत नाही तिथं. काकूंच्या फोनवरून केला, माझा आवाज ऐकून तोही कापला.

सरजाबाईंच्या शेजाऱ्यांना निरोप सांगितला. कोणी पोचवेल असं वाटत नाही. मी कोण त्यांची.

आरतीला चार वर्षांची मुलगी आहे. ती मांडीवर बसून खेळ बघते, असं मल्लिनाथ सरांनीच सांगितलं होतं.

२४ एप्रिल

मलप्पा नावाचं खातं मी स्वतःच नव्याने उघडून पाहिलं. उघडलं, पण ते नुसतं नाव होतं. आत कोणी न्हाई. नकाशा तसाच.

मलप्पांसारखं कोणीतरी धरायला पाहिजे.

मी नकाशा माझ्या नावाने उघडला. खोलीत, माझ्या लॅपटॉपवर. किती सुंदर काढलाय. प्रत्येक दारापुढं रांगोळीचा ठिपका.

आरतीच्या नावापुढं आता: थांबवले आहे. ही फाईल दामिनी यांच्याकडे उघडी आहे.

मानेवर काहीतरी टेकलं. आधी हलकं. डोक्यावर पाटी घेतल्यासारखं.

२५ एप्रिल

जड होत चाललंय. पाठ सरळ होत नाही. दाराशेजारच्या भिंतीला टेकून, गुडघे रोवून—

वरून माती. थोडी थोडी. वहीवर पडते, फुंकून लिहिते. वर बघितलं तर छत पांढरं, कोरं.

जरा खांदा ढिला केला, नुसता जरा. आरतीने ॲप उघडलं असणार, तिच्यापुढं लगेच: पाठवत आहे. परत रेटलं. थांबलं.

तो तीस वर्षं कसा उभा होता. मला एक दिवस—

आईचा फोन वाजतोय. हात पोचत न्हाई.

२६ एप्रिल

दिसतं कमी. तोंडात माती. थुंकते, परत येते.

गुडघा गेला एक. आरती: पाठवत आहे. उठले. थांबलं. परत गुडघा—

होणार न्हाई माझ्याच्यानं. कळतंय. आत्ता न्हाई तर संध्याकाळी. ती मुलगी मांडीवर—

जिन्यावर पाय वाजले. गौरम्मा काकू. ताटाचा आवाज. विचारतायत, दामिनी, दोन दिवस खाली का आली न्हाईस, ऊट—

कडी लावलेली न्हाई.

ओरडते, आवाजच न्हाई, माती. कागद सरकवते दाराखालून. काकू, आत येऊ नका. दार ढकलू नका, तुळई दारावरच हाय, मी फक्त खांद्यानं

काकू नका