ऑर्किड खाल्लेला घोडा

सरपंच वागिमानकाका यांस,
बोर्निओच्या पाममळ्यातून जारवोचा सलाम.

यंदा बांबूच्या घोड्यांच्या नाचाला तुम्ही परवानगी नाकारलीत, म्हणून बाबांचं पथक खचलंय. चूक माझी. गेल्या वर्षी नाचता नाचता काकूंची ऑर्किडं खाल्ली, तेव्हा माझ्या अंगात काही आलंच नव्हतं! बाकी सगळे अंगात घोडा येऊन घुमत होते, गवत चावत होते, मी एकटाच कोरडा. लाज वाटली, म्हणून अंगात आल्याचं सोंग करून समोरच्या कुंडीतली फुलं चावली.

इतकं लिहिलं आणि बाबांचा फोन आला. "मिळाली रे परवानगी! काकू म्हणतात, अंगात आलेल्या घोड्याचं तोंड लागलं नि झाडाला दुप्पट फुलं आली. अट एकच, तोच पोरगा नाचायला हवा."

काका, तिकीट काढतोय. हे खरं सांगणारं पत्र मात्र धाडत नाही, उशीतच राहील. यंदा समोर गुलाब असू दे, ऑर्किड फार कडू लागतं.

तुमचा घोडा नंबर तीन,
जारवो