मधल्या खुर्चीला दिलेला नकार

मस्तगड, जालना

तीर्थस्वरूप चांगुणाआत्या,

तुमची आकांक्षा तुमच्या पाया पडती. गुडघा कसाय? मामांनी तंबाखू सोडली का, का फक्त घरात सोडली? इथं सगळे मजेत हायेत. बाबा माझ्याशी बोलून न्हाई राह्यले, बाकी मजेत. (फोन केला असता, पण तुमी स्पीकरवर टाकता अन् मंग अख्खं तीर्थपुरी ऐकतं. म्हणून तुमच्या हरिओमच्या हाती चिठ्ठी.)

रविवारी तुमच्या गावची मंडळी मला पाहायला आल्ती. स्थळ तुमीच सुचवलेलं, म्हणून अर्धा दोष तुमचा. फोटो पाठवला तुमी, पण त्यात पाच जण फेटे बांधून उभे, पोरगा कोणता ते कळायला मार्ग न्हाई. मी पोह्यांचा ट्रे घेऊन आले तर मधल्या खुर्चीत एकजण बसलेला. उंच, गोरा, दाढी बराबर कोरलेली. मला वाटलं, हाच. (देखणा होता, खोटं कशाला बोलू. पोहे वाटून होईपर्यंत मी मनात होकार देऊन बसले होते.) मंग त्यानं तोंड उघडलं. "लिहिता म्हणं तुमी? छापून येतं का कुठं?" मी म्हणलं, अजून न्हाई. "मंग टाइमपास म्हणा की!" असं म्हणून स्वतःच हसला, अन् बाकीचे हसले का ते बघितलं. आत्या, नाक तेच, दाढी तीच, पण चहा येईपर्यंत मला त्या तोंडाकडं पाहवंना.

कूलरपुढं आबांजवळ एक सावळा, मोठ्या कानांचा पोरगा बसलेला. कूलर त्याच्या पाठीवर पाणी उडवून राह्यला होता. तो सरकला असता तर पाणी आबांवर आलं असतं, म्हणून सरकला न्हाई. मला वाटलं, डायव्हर असंल. आबांना ऐकू येत न्हाई, तुमाला माहीतच हाय (तुमचेच वडील). आपल्या घरात आता त्यांना "काही न्हाई, आबा" एवढंच सांगतेत. हा पोरगा प्रत्येक गोष्ट त्यांच्या कानात सांगत होता, जोकसुद्धा. सगळ्यांचं हसून झाल्यावर आबा एकटेच हसायचे, अन् त्यांच्यासोबत तो पुन्हा एकदा, जसा काही आत्ताच ऐकला. त्याच्याकडं पाहावं म्हणलं तर माझी नजर हसणाऱ्या आबांवरच जायची.

मंडळी गेली. बाबांनी विचारलं, मी न्हाई म्हणलं, बाबांनी लगेच फोन लावला (एवढी जल्दी त्यांना कधीच नसती). मी आईला म्हणलं, "त्या भिजलेल्या डायव्हरसारखा असता तर विचार केला असता."

आई म्हणली, "अगं बये, तोच तर भारत! मधी बसले ते रामप्रसादराव, त्यांचे जावई. जावयाला मधली खुर्ची देतेत, एवढं बी कळंना का तुला?"

म्हणजे आत्या, मी एका लग्न झालेल्या माणसाला नकार दिला. अन् बोलणी त्यांच्यामार्फतच, म्हणून बाबांचा फोन पण त्यांनाच गेल्ता. नकार बराबर पत्त्यावर पोचला, हातचा गेला तो दुसराच.

तेव्हापासून विचार करून राह्यले, मला नेमकं आवडलं काय? कान तर मोठेच हायेत. आवाज पण नीट ऐकला न्हाई, तो सगळा आबांच्या कानात गेला. मी लिहायला बसले तर माझ्या कथेत सगळे हुशार, एकमेकांना टोमणे मारून राह्यले, अन् जवळ बसून कोणीच कोणाला काही सांगत न्हाई. फाडली कथा. असो. बाबा आईकरवी सांगतेत, एकदा न्हाई म्हणलं की विषय संपला. मी बरं म्हणलं. माझं काही अडलं न्हाई. मी बिलकुल ठीक हाय.

तुमचीच,
आकांक्षा

ता.क. अडलंय. शनिवारी ते दुसरी पोरगी पाहायला चालले म्हणं. त्याच्या आधी भारतच्या आईकडं जा अन् सांगा, पोरीनं जावयाला नकार दिला, पोराला न्हाई. बाबांना पण तुमीच समजवा, थोरल्या बहिणीपुढं ते बोलत न्हाईत.

ता.क. दुसरा. निघताना चपला घालता घालता त्यानं मला हळूच विचारलं, "लिहिताना कोणी मधी बोललं तर राग येतो का?" डायव्हर समजून मी नुसती हसले. उत्तर असंय: लई येतो. त्याला हे आधी सांगा, मंग बाकीचं.