जिथून मामांना कुणी काढू शकत नाही

मांजरी बुद्रुक, पुणे

तीर्थस्वरूप सुखदेवमामा यांस,

जिथून कुणी कुणाला काढून टाकू शकत नाही अशी जागा तयार करून दिली, तरी माणसं तिथे येत का नाहीत? पत्राची सुरुवातच प्रश्नानं करते आहे, क्षमा असावी. उत्तर मला येत नाही, आणि घरातली पहिली पदवीधर असल्यामुळे ‘येत नाही’ असं मला मोठ्यानं म्हणता येत नाही. (पंखा अडला, गिझर तापेना, नळाला पाणी नाही, सगळ्याचा जाब मलाच विचारला जातो. बी.एस्सी.ला संगणकशास्त्र होतं, नळ नव्हता, हे बाबांना अजून पटलेलं नाही.) असो. साष्टांग नमस्कार. मामींचा गुडघा, तुमचा खोकला आणि काळ्या गाईचा स्वभाव, तिन्ही सुधारले असतील अशी आशा करते. इकडे सर्व ठीक. आई ठीक नाही, पण विचारलं की ठीक म्हणते, म्हणून मीही तसंच लिहिते.

झालं काय ते तुमच्या बाजूनं तुम्हाला माहीत आहेच, माझ्या बाजूनं सांगते. बापूरावकाकांच्या वल्लरीचं लग्न झालं आणि तुम्ही आपल्या ‘समस्त परिवार’ ग्रुपवर लिहिलंत की वांग्याच्या भाजीत तेल आणि यजमानांच्या बोलण्यात गोडवा, दोन्हींची काटकसर दिसली. वाक्य चांगलं होतं. अडचण एवढीच की यजमान बापूरावकाका, ग्रुपचे एकमेव अ‍ॅडमिनही तेच, आणि आईचे थोरले दीरही तेच. त्यांनी तुम्हाला तिथल्या तिथे काढलं. आता सासरच्यांपुढे भावाची बाजू घ्यायची की भावापुढे सासरची, हे आई ठरवत होती, तोवर ती गप्प बसली म्हणून तुम्ही रुसलात. आणि तुम्ही चारचौघांत तिच्या दिरांना बोललात म्हणून ती रुसली. तेव्हापासून आमचा नंबर दिसला की तुम्हाला फोनची घंटा ऐकू येत नाही, असं मामी म्हणतात.

पण मामा, खरं सांगू का, तुम्ही दोघं फोनवर कधी बोलतच नव्हता. आई ग्रुपवर हवेत लिहायची, ‘थंडी वाढली, ज्यांचं वय झालं त्यांनी कान बांधावे’, आणि थोड्या वेळानं तुमचा मफलर घातलेला फोटो यायचा. (खाली मजकूर: ‘सुप्रभात’.) आपल्याकडे लेकीला बोलून सुनेला ऐकवतात, तुम्ही बहीणभाऊ अख्ख्या खानदानाला बोलून एकमेकांना ऐकवत होता. आता ती हवाच बंद झाली. आई अधूनमधून ग्रुप उघडते, काहीतरी लिहिते आणि पुसते.

तेव्हा मी ठरवलं की दोष माणसांचा नाही, व्यवस्थेचा आहे. (हे मी नेहमीच ठरवते.) बघा, तुमचं सिम एका कंपनीचं, आमचं दुसऱ्या, तरी फोन लागतो. उचलला जात नाही हा भाग वेगळा, पण लागतो, कारण बोलणं इकडून तिकडे कसं न्यायचं याचे नियम सगळ्या कंपन्यांना सारखे आणि खुले आहेत. ग्रुपचं तसं नाही. तिथे आपण एकाच मालकाच्या हॉलमध्ये बसलेलो असतो. दार त्याचं, कुलूप त्याचं, आणि किल्ली त्यानं काकांना देऊन ठेवलेली. याउलट खुल्या नियमांवर चालणारी जाळी आहेत, विकेंद्रित. भाऊ वेगळे निघाले की चुली वेगळ्या होतात, पण सणाला ताटं इकडून तिकडे जातातच ना, तसं. चूल ज्याची त्याची, ताट झाकून नेण्याची रीत सगळ्यांची एक. शिवाय एका चुलीशी पटलं नाही तर सोयरेधायरे बरोबर घेऊन दुसऱ्या चुलीवर जाता येतं. असं लग्नातसुद्धा होत नाही.

ऑफिसनं मोडीत काढलेला संगणक मी घरी आणला आणि स्वयंपाकघरात तांदळाच्या पिंपावर बसवला, कारण मोकळं सॉकेट तिथेच होतं. त्यावर आपला सर्व्हर सुरू केला, नाव ‘चावडी’. मग सगळ्यांना जेवायला बोलावून समजावून सांगितलं. काकांनी ताक संपेपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “यात अ‍ॅडमिन कोण?” मी म्हटलं, ज्याच्या त्याच्या सर्व्हरचा जो तो. ते म्हणाले, “मग काढायचं कोणाला?” मी म्हटलं, आपल्या घरातून काढता येईल, गावातून नाही. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि नारायण पेठेतल्या आपल्या घरी स्वतंत्र सर्व्हर हवा म्हणून जाहीर केलं. (काका मूळचे आपल्याच कारंज्याचे, पण पेठेत भाड्यानं राहून राहून ते मूळच्या पेठकरांपेक्षा जास्त पेठकर झाले आहेत.) मी तोही लावून दिला. त्यांनी दर्शनी भागात पाटी लिहिली: ‘ओळख नसल्यास नमस्कार करू नये. ओळख असल्यास कारण लिहावे.’

बाबा मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर असतात, त्यांनी पहिल्याच दिवशी बाजाराची खबर लिहिली, तीही सगळ्या जगाला दिसेल अशी. त्यावर फिनलंडच्या एका गृहस्थांनी आपल्या गॅलरीतल्या कुंडीत आलेल्या दोन कांद्यांचा फोटो पाठवला. बाबांनी तो मोठा करून पाहिला आणि कळवलं, ‘मालाची प्रत उत्तम, आवक कमी.’ तेव्हापासून त्यांचं रोज चालू आहे. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नाही, त्यामुळे अजून भांडण नाही.

भांडण काकांनी केलं. या जाळ्यावर तुम्हीही कुठूनही येऊ शकता हे कळताच त्यांनी चावडीशी व्यवहार बंद केल्याचं जाहीर केलं. पूर्वी काकांनी बहिष्कार टाकला की माणूस एकटा पडायचा. इथे सगळे एकमेकांशी बोलत राहिले आणि काकाच एकटे पडले. (एवढ्या एका गोष्टीसाठी मी या व्यवस्थेच्या पाया पडायला तयार आहे.) हे तीन दिवसही टिकलं नाही. मग ‘हिंमतराव’ नावाचे कुणी सद्गृहस्थ तिसऱ्याच सर्व्हरवरून आमच्याकडे डोकावू लागले. आईनं परवा लिहिलं, ‘खोकल्याला नुसता काढा पुरत नाही, छाती शेकावी लागते.’ आमच्या घरात कुणाला खोकला नाही, मामा. हिंमतरावांनी खाली काकांच्या पाटीच्याच थाटात लिहिलं, ‘खोकला कोणास आहे ते स्पष्ट लिहावे.’ आईनं स्पष्ट लिहिलं नाही. फोन हातात घेऊन तुमच्या मफलरची वाट पाहत बसली. तो येणार कुठून? मग मला म्हणाली, “एवढं सारं जग आणलं वं तू पिंपावर, मंग यात माहा भाऊ काऊन नाही?” पदवीधरानं सर्व्हर एकदा बंद करून पुन्हा चालू केला.

मी मामींकडून निरोप धाडला होता, त्यावर ‘जिथून काढलं तिथे मी पाय ठेवणार नाही’ असं तुमचं उत्तर आलं. अहो, ती जागा ही नव्हे. तुम्ही चावडीवर येऊच नका. कारंज्याच्या वाचनालयात ज्ञानदेव सरांनी असाच एक सर्व्हर लावला आहे, तिथे खातं उघडा आणि तिथूनच आईचं वाचा. तुम्ही आलात असंही नाही, तिनं बोलावलं असंही नाही. दोघांचाही मान जागच्या जागी राहतो. खुल्या नियमांचा याहून मोठा फायदा मला तरी माहीत नाही.

मामींना नमस्कार. गाईला दुरून.

तुमची भाची,
श्रद्धा

ता. क. चावडी तूर्त बंद आहे. तिच्या सॉकेटवर सकाळपासून मिक्सर चालू आहे, आई जवसाची चटणी वाटते आहे. एका घराला लागते त्याहून बरीच जास्त.

ता. क. दुसरं. पाकिटावर टपालाचं तिकीट नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. हे पत्र ज्या बाईनं तुमच्या हातात दिलं, ती बहुधा अजून दारातच उभी असेल. तिला मी सांगितलं आहे की मामांना खातं उघडायचंय, शिकवायला माणूस पाठव म्हणून त्यांचाच निरोप आला, आणि मला रजा नाही. ती म्हणाली, “गरज पडली की बरोबर आठवते बहीण,” आणि पिशवी काढली. तेव्हा निरोप धाडला होता असंच म्हणा. विनंती एवढीच आहे, वरचं सगळं या विनंतीसाठीच लिहिलं. आणि कृपा करून लवकर शिकू नका.

ता. क. तिसरं, हडपसरच्या थांब्यावरून. तिला खिडकीची जागा मिळाली आहे, आणि पाकिटासाठी तिनं हात बाहेर काढला आहे. परतीचं तिकीट मी काढलेलं नाही.