एकच रेघ

खामगाव, शुक्रवार

माय,
जयमालाचा पाया पडून नमस्कार. बाबांलेही सांगजो.

फोन असून पत्र काऊन, म्हणशीन. घसा बसला आहे. असा आवाज ऐकून तू रोहिणखेडहून पहिल्या एस्टीनं निघाली असती.

इथं लॅबमध्ये डेंगूच्या तपासणीले गर्दी होऊन राह्यली. बोटाएवढ्या पट्टीवर रक्ताचा थेंब टाकला का वीस मिनिटांत रेघ उमटते; एक पट्टी नीट चालल्याची, दुसरी डेंगू असला तरच. काल एक सासू तापलेल्या सुनेले घेऊन आली. पट्टीवर दोन रेघा पाहून तिनं हात जोडले अन् मले म्हणे, "पोरी, पेढे आणतो." या दोन रेघा पोट राह्यल्याच्या नाहीत, डेंगूच्या आहेत, हे मलेच तिले सांगावं लागलं.

मलेही ताप आला म्हणून माही तपासणी केली. माह्या पट्टीवर एकच रेघ आली, म्हणजे काही निघालं नाही. फक्त ताप येऊन दोनच दिवस झाले. डेंगूशी लढणारं जे असते ते रक्तात तयार व्हायले चार-पाच दिवस लागतात, अन् पट्टी तेच पाहते. पेशंटले मी रोज सांगते, पाचव्या दिवशी पुन्हा या.

न्हाणीतला रांजण घासला का? नुसतं पाणी सांडून भागत नाही, मच्छराची अंडी कडेले चिकटून राहतात. तुहे गुडघे कसे आहेत?

खरं सांगू माय, घशाचं निमित्त आहे. हे पत्र तुह्या हाती पडीन तोवर माही पाचव्या दिवसाची पट्टीही होऊन गेली असीन. तोवर तुले घोर नको, म्हणून फोन नाही केला.

तुही,
जयमाला