आबांचं बोटीवरचं भांडं

मिरज, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९७४

आज आबांनी स्वतःच्या हाताने चहा घेतला. अर्धांगवायू झाल्यापासून दहा दिवस ते इथल्या दवाखान्यात नर्सने पुढे केलेला चमचा ढकलून देत होते. "जलमभर लोकास्नी वाढलं. आता मला कुनी भरवायचं न्हाई," एवढंच बोबडं बोलायचे. उजवा हात लुळा पडलेला, आणि कप दिला तर डाव्या हातातून निसटायचा.

म्हणून काल गावी, मेढ्याला जाऊन त्यांच्या ट्रंकेतलं स्टीलचं दुधाचं भांडं घेऊन आले. ते नोकरीला होते ती बोट मोडीत निघाली तेव्हा हे एकच त्यांनी मागून घेतलं होतं. आईने ते कधी वापरू दिलं नाही. रुंद, जड बूड, आणि कान एवढा मोठा की चारही बोटं आत जातात. समुद्र खवळला तरी टेबलावर कलंडू नये म्हणून तसं घडवलेलं. आज त्यातच चहा दिला. आबांचा हात लय थरथरला, पण भांडं सुटलं नाही.

नर्सने सहज विचारलं, "बोटीवर काय होते हे?"

मी शिकवते त्या शाळेत सगळ्यांना सांगत आले, वडील बोटीवर साहेब होते. का सांगितलं? लाज त्यांना होती की मला? आज त्यांच्यासमोर खोटं बोलायला जीभ वळेना.

"वाढपी होते. एकवीस वर्षं."

आबांनी भांडं खाली ठेवलं. वाटलं, दुखावले. वाकडं झालेलं तोंड सावरत, एकेक अक्षर जोडत ते म्हणाले, "हेड वाढपी. नीट सांग."